मुंबई ते जेद्दा: विमानाचं अंतर, वेळ आणि मीकात

उमराहचं तिकीट हातात आलं की घरात पहिला प्रश्न असतो, विमान किती तासांत पोहोचतं? या उत्तरावरच इहराम कधी आणि कुठे बांधायचा हे ठरतं, म्हणून हा हिशोब नीट समजून घ्यावा.

अंतर: मुंबई ते जेद्दा सरळ रेषेत सुमारे ३,५२० किलोमीटर. मुंबई ते मदीना सुमारे ३,४७० किलोमीटर. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडा वळसा घेतो, त्यामुळे विमान याहून जास्त अंतर कापतं.

वेळ: थेट विमानाला जाताना साधारण साडेपाच तास लागतात, येताना पाच तासांच्या आसपास. वरच्या हवेतले वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. दुबई, मस्कत किंवा कुवेतमार्गे गेल्यास तिथल्या थांब्याचे तास वेगळे धरा.

घड्याळ: सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मुंबईहून सकाळी ८ ला निघालात तर जेद्दात उतरताना तिथे साधारण ११ वाजलेले असतील, आपल्याकडे दुपारचा दीड. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यांची नुसती वजाबाकी केली तर प्रवास तीनच तासांचा वाटतो.

मीकात विमानातच येते: मुंबईहून जेद्दाला जाणारी विमानं साधारणपणे ताइफजवळच्या कर्न अल-मनाझिल या मीकातीच्या हद्दीवरून जातात. ही हद्द उतरण्याआधी साधारण अर्धा तास येते. 'जेद्दात उतरून इहराम बांधू' असं म्हणणाऱ्यांची मीकात मागे राहून जाते. मग मीकातीवर परत जावं लागतं किंवा दम द्यावा लागतो. याबाबत आपल्या आलिमांकडून खात्री करून घ्या.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• इहरामच्या चादरी हँडबॅगेत ठेवा. मोठ्या बॅगेत गेल्या तर त्या जेद्दालाच मिळतील.
• गुस्ल घरी करून पुरुषांनी चादरी घरी किंवा विमानतळावरच गुंडाळाव्यात. विमानाचं टॉयलेट अगदी अरुंद असतं. महिलांना वेगळा पोशाख नाही, नेहमीचे साधे कपडे चालतात.
• नियत आणि तलबिया मीकात येण्याआधी करा. बऱ्याच विमानांत मीकातीची सूचना देतात, पण त्यावरच विसंबून राहू नका. झोप लागण्याची भीती असेल तर थोडी आधीच नियत केलेली बरी.
• नियत झाल्यावर विमानात मिळणारे सुगंधी टिश्यू वापरू नका.
• थांबा असलेल्या प्रवासात मीकात शेवटच्या विमानात येते. त्या थांब्यावर इहराम बांधता येतो.

आधी मदीनेला जाणाऱ्यांना विमानात इहरामची गरज नाही. मदीनेहून मक्केला निघताना झुल-हुलैफा, म्हणजे अब्यार अली, इथे इहराम बांधायचा. तिथून मक्का सुमारे ४५० किलोमीटर. तेव्हा बुकिंग करतानाच टूरवाल्याला विचारा: आधी जेद्दा की आधी मदीना?