माजी का बाग आणि मराठे पाहुणे

गेल्या हिवाळ्यात जयपूरला चार दिवस मुक्काम होता. सोबत इंदूरची मावशी. मावशी पंच्याहत्तरीची आहे, पण जिने चढण्यात आणि घासाघीस करण्यात मी तिला अजून हरवू शकलेलो नाही. उतरलो होतो सी-स्कीममध्ये, एका जुन्या बंगल्याचं हॉटेल केलंय तिथे. हल्ली ज्याला ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात, तसलं. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोलीची भिंत वेगळी रंगवलेली. आमच्या खोलीत गणगौरची मिरवणूक होती. हत्ती, उंट, छत्र्या, घागरे, आणि पलंगाच्या बरोबर वर एक मोर, जो रात्री दिवा मालवला तरी आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं.

पहिल्याच दिवशी रजिस्टरमध्ये नावं लिहिताना काउंटरवरच्या मुलानं आडनाव वाचलं आणि हसत हसत म्हणाला, “अच्छा, मराठे! आप लोगों ने तो हमको बहुत लूटा था सा.” अगदी सहज बोलला, वर चहा पण मागवला. पण मावशी होळकरांच्या गावची. ती तिथल्या तिथे म्हणाली, “आमच्या मल्हाररावांना तुमच्याच राजानं बोलावलं होतं, आगंतुक नव्हते गेले!”

दोघांचंही म्हणणं खरं आहे, हीच या गोष्टीतली गंमत आणि हेच दुखणं. आणि ती गोष्ट नेमकी याच सी-स्कीममध्ये येऊन पोहोचते.

आधी हे सी-स्कीम काय प्रकरण आहे ते सांगतो. नाव ऐकून एखाद्या सरकारी योजनेचा फलक डोळ्यांसमोर येतो, आणि ते तसंच आहे. 1942 ते 1946 या काळात सर मिर्झा इस्माईल जयपूरचे दिवाण होते. त्याआधी ते म्हैसूरचे दिवाण. परकोटाबाहेर शहर वाढवायचं म्हणून वसाहतींचे आराखडे झाले, त्यांना अक्षरं दिली, आणि त्यातलं ‘सी’ हे अक्षर लोकांच्या तोंडी कायमचं बसलं. कागदोपत्री नाव अशोकनगर. रिक्षावाल्याला अशोकनगर सांगा, तो विचारेल, “सी-स्कीम?” दिवाणसाहेबांच्या नावाचा एम. आय. रोड जवळच आहे, आणि त्यावर फिरणाऱ्या दहातल्या नऊ जणांना एम. आय. म्हणजे कोण हे ठाऊक नसतं.

सी-स्कीमच्या मधोमध स्टॅच्यू सर्कल. तिथे पांढऱ्या संगमरवरात उभे आहेत सवाई जयसिंह, जयपूर वसवणारे. ही ‘सवाई’ पदवी आपल्याला नवी नाही. सवाई माधवराव आहेत, सवाई गंधर्व आहेत. पण जयसिंहाच्या सवाईपणाचा धागा सह्याद्रीत जातो. 1701-02 मध्ये औरंगजेबानं खेळण्याला, म्हणजे आपल्या विशाळगडाला वेढा घातला, तेव्हा आंबेरचा हा तेरा वर्षांचा राजा आपली फौज घेऊन त्या पावसापाण्यात लढत होता. तिथे त्याच्या माणसांनी मर्दुमकी गाजवली आणि बादशहाची मर्जी बसली. म्हणजे स्टॅच्यू सर्कलवर कुल्फी खात आपण ज्याच्याकडे बघतो, त्यानं आपला किल्ला आपल्याआधी पाहिलेला आहे. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बघितला ना? मग आपण त्याचं गाव बघितलं तर एवढं काय!”

आता मूळ घराकडे येऊ. सरदार पटेल मार्गावर राजमहाल पॅलेस नावाचं हॉटेल आहे. 2014 मध्ये ते नव्या रूपात सुरू झालं आणि जगभरच्या मासिकांत त्याचे फोटो झळकले, ते मुख्यतः भिंतींमुळे. खोल्या थोड्या, पण खास त्या वास्तूसाठी काढून घेतलेले वॉलपेपर चाळीसहून अधिक तऱ्हांचे. गुलाबी, निळे, पोपटी. कुठे कमानी, कुठे फुलं. राजघराण्याचाच वारसा घेऊन त्याचं भरपूर साखर घातलेलं रूप केलंय असं म्हणू. मला विचाराल तर काही खोल्या सुंदर आहेत आणि काही ठिकाणी डोळ्यांना अजीर्ण होतं. तिथे राहणं आमच्या खिशाबाहेरचं. या असल्या घराचं बांधकाम 1729 चं. जयपूर शहराचा पाया 1727 च्या नोव्हेंबरात घातला गेला, म्हणजे शहर जेमतेम दोन वर्षांचं असताना तटाबाहेर हा बागमहाल उठला. जयसिंहानं तो बांधला आपल्या उदेपूरच्या राणीसाठी, चंद्रकुंवर राणावतजींसाठी. लोक त्याला ‘माजी का बाग’ म्हणत. माजी म्हणजे माजी आमदारातलं माजी नव्हे, राजमाता.

ही राणी साधी सून म्हणून आलेली नव्हती. 1708 मध्ये आंबेर, जोधपूर आणि उदेपूर या तिघांनी मोगलांविरुद्ध हातमिळवणी केली, तेव्हा महाराणा अमरसिंहानं आपली मुलगी जयसिंहाला दिली आणि अट घातली: हिला मुलगा झाला तर तोच गादीवर बसेल, मग तो वयानं धाकटा का असेना. जयसिंहानं मान्य केलं. राजकारणात आजची अडचण उद्यावर ढकलण्याची सोय असते, ती त्यानं वापरली. पुढे दुसऱ्या राणीला ईश्वरीसिंह झाला, आणि 1728 च्या अखेरीस या उदेपूरच्या राणीला माधोसिंह. बागमहाल लगेच पुढच्या वर्षीचा आहे. आई आणि बाळ राजवाड्यातल्या हेव्यादाव्यांपासून थोडे लांब राहावेत, हा हेतू असेल तर नवल नाही. हा माझा तर्क, कागद नव्हे.

1743 मध्ये जयसिंह वारला. थोरला ईश्वरीसिंह गादीवर बसला. उदेपूरनं जुना करार बाहेर काढला आणि भाच्यासाठी लढायला माणसं शोधली. ती माणसं म्हणजे आपण. मल्हारराव होळकरांना पैसे कबूल करून माधोसिंहाच्या बाजूला आणलं गेलं. इकडे ईश्वरीसिंहालाही मराठ्यांतच मित्र होते. सुरुवातीला शिंद्यांचा कल त्याच्याकडे होता. एकाच पेशव्याचे दोन सरदार दोन भावांच्या दोन बाजूंना, आणि दोन्हीकडून पैशांचे वायदे. 1748 च्या ऑगस्टमध्ये बगरूला पावसात लढाई झाली, ईश्वरीसिंह हरला, भावाला परगणे आणि मराठ्यांना खंडणी देईन म्हणाला. मग वसुली थकली. त्यात त्यानं आपला कर्तबगार मंत्री केशवदास खत्री विषप्रयोगानं मारून टाकला, म्हणजे मराठ्यांशी बोलणी करू शकणारा एकमेव माणूसच घालवला.

1750 च्या डिसेंबरात होळकरांची फौज थकबाकीसाठी जयपूरच्या अंगावर आली. तिजोरीत पैसा नव्हता, ज्याच्यावर विसंबला त्या मंत्र्यानं फौजच उभी केली नाही. ईश्वरीसिंहानं विष घेतलं, नागाचा दंश करवून घेतला आणि संपला. त्याच्या काही राण्यांनीही विष घेतलं. तरुण राजा, बाहेर वसुलीदार. त्या काउंटरवरच्या मुलाच्या घरात आजी-पणजीच्या तोंडून जे उतरलं असेल, ते हे. मल्हाररावांना त्याचा जीव नको होता, पैसे हवे होते, हे खरं. पण सावकाराच्या तगाद्यानं कुणी आड जवळ केला तर गाव सावकाराला काय म्हणतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, आपल्याकडच्या गावांनी ते पाहिलंय.

आणि मग माधोसिंह आला. माजीच्या बागेतलं ते बाळ आता बावीस वर्षांचं होतं. मराठ्यांच्या बळावर गादी मिळाली. पण ज्यांनी बसवलं त्यांनीच मोठं बिल पुढे ठेवलं, जयाप्पा शिंदेही जानेवारीत येऊन दाखल झाले आणि मागणी वाढली.

10 जानेवारी 1751. छावणी शहराबाहेर होती. जयपूर तेव्हा नवंकोरं, सरळ रस्त्यांचं, चौपडींचं, असं दुसरं शहर हिंदुस्थानात नव्हतं. काही हजार मराठे शहर बघायला आत गेले. देवळं बघायला, बाजार करायला. लढाई नव्हती, दोस्ताचं गाव होतं, कुणी हत्यारबंद तयारीनं गेलेलं नव्हतं. दुपारी अचानक दंगा उसळला. वेशी बंद झाल्या. मध्यरात्रीपर्यंत कत्तल चालू होती. मारले गेलेल्यांचा आकडा तीन हजारांच्या आसपास सांगितला जातो, हजारभर जखमी. आसपासच्या खेड्यांत डाकेचे जासूदही कापले गेले. माधोसिंहानं नंतर सांगितलं की जमाव बिथरला, माझा हात नाही. त्याचा हात किती होता यावर इतिहासकार वाद घालतात; मला इतकंच दिसतं की शहराच्या वेशी जमावाच्या मर्जीनं बंद होत नाहीत.

मराठ्यांनी सूड उगवला का? नाही. वजीर सफदरजंगानं रोहिल्यांविरुद्ध मदतीला बोलावलं होतं, तिकडचा व्यवहार मोठा होता. काही पैसे पदरात पडले आणि फौजा दुआबाकडे गेल्या. मेलेल्यांची नावं कुठल्या छत्रीवर नाहीत, कुठल्या पोवाड्यातही माझ्या ऐकण्यात नाहीत. पानिपताला दहा वर्षं होती. ते झाल्यावर ही दुपार कुणाच्या लक्षात राहणार?

जयपूरला हौसेनं फिरायला गेलेली मराठी माणसांची एवढी मोठी तुकडी इतिहासात पहिली हीच असावी. आज दिवाळीच्या सुट्टीत बसगाड्या भरून आपण हवामहालासमोर उभे असतो. मी जोहरी बाजारात उभा होतो, मावशी लाखेच्या बांगड्यांचा भाव पाडत होती, आणि मला तो दिवस आठवला. तिला सांगितलं नाही. दुकानदार तिला ‘माजी’ म्हणत होता.

माजीच्या बागेचं पुढं काय झालं तेही ऐका. 1818 मध्ये जयपूरनं इंग्रजांशी तह केला, 1821 मध्ये हे घर इंग्रज रेसिडेंटचं झालं. पाहुणे बदलले, जमाव तोच राहिला. 1835 मध्ये ब्लेक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला जयपुरात जमावानं ठार केलं. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली. 1957 मध्ये महाराजा मानसिंहांनी आपला राहता रामबाग पॅलेस हॉटेल केला. महाराणी गायत्रीदेवींना ते अजिबात रुचलं नव्हतं. मग दोघं लहान घरात आले, ते लहान घर म्हणजे राजमहाल. 1962 मध्ये जॅकलिन केनेडी जयपूरला आल्या त्या यांच्याच पाहुण्या. आणि इथे एक मराठी धागा परत येतो. गायत्रीदेवींची आई इंदिराराजे ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी. ज्या बागेतल्या मुलासाठी मराठ्यांना बोलावलं, त्याच घराची मालकीण दोनशे वर्षांनी गायकवाडांची नात.

भिंतींबद्दल दोन शब्द सांगायचे राहिले, कारण हॉटेलं त्यांच्यावरच चालतात. जयपूरच्या जुन्या भिंतींचं काम ‘अराइश’. चुना महिनोन्‌महिने पाण्यात मुरवायचा, त्यात संगमरवराची पूड, थरावर थर, आणि शेवटचा थर ओला असतानाच रंग भरायचा. मग तो रंग थोपटून आत बसवायचा, अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घोटायचा, वर खोबरेल फिरवायचं. भिंत आरशासारखी होते. इटलीतल्या चर्चमध्ये ओल्या चुन्यावर रंगवतात त्याचीच ही चुलत बहीण, पण घोटाई आपल्याकडची. आमच्या खोलीतला मोर मात्र कोरड्या भिंतीवर बाजारच्या रंगांत काढलेला होता. मावशीनं नखानं खरवडून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच तिला फसवलंय.

खरी भिंत बघायची म्हणून शेवटच्या दिवशी ब्रह्मपुरीत गेलो, पुंडरीकजींच्या हवेलीत. रत्नाकर पुंडरीक हे जयसिंहाचे गुरू, महाराष्ट्रीय ब्राह्मण, मूळ आडनाव महाशब्दे. ‘जयसिंहकल्पद्रुम’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ त्यांनी 1713 मध्ये लिहिला. जयसिंहाच्या वेधशाळांमागचे पंडित जगन्नाथ सम्राट, ज्यांनी युक्लिडची भूमिती संस्कृतात आणली, तेही महाराष्ट्रीय. म्हणजे फौजा येण्याच्या कितीतरी आधी आपली माणसं इथे मानानं नांदत होती, आणि त्यांच्या घराच्या भिंतींवर जयपूरचे दरबार आणि सण रंगवलेले आहेत. रंग उडालेत, काही चेहरे पार गेलेत. तरी त्यातली एक मिरवणूक पाहून मावशी म्हणाली, “ही बघ, आपल्या खोलीतलीच!” आमच्या खोलीतलं चित्र याच घराण्यातलं, नकलेची नक्कल.

निघताना काउंटरवर तोच मुलगा. मावशीनं त्याला ईश्वरीसिंहाचं नाव घेऊन विचारलं, त्यांची छत्री कुठे आहे, बघायची राहिली. तो चकित झाला. म्हणाला, सिटी पॅलेसजवळ आहे, तिथे कोणी जात नाही. गाडीला तीन तास होते. आम्ही सामान त्याच्याकडे ठेवलं आणि रिक्षा केली.