धुरंधरांची लेक आणि बहुळकरांचं ऋण

आज आपण उपनगरात, खारला जायचं आहे. चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर यांचं 'अंबासदन' हे घर तिथलं. आपण बोलणार आहोत ते मात्र त्यांच्या लेकीबद्दल, अंबिका धुरंधर यांच्याबद्दल.

धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले. पुढे तिथेच शिक्षक झाले, संचालकपदाचं कामही त्यांनी पाहिलं. अंबिकाबाईंचा जन्म १९१२ चा. त्यांनी त्याच संस्थेतून १९३१ मध्ये पदविका घेतली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण पूर्ण करणाऱ्या मुंबईतल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. त्या काळी घरात हौसेनं रंगवणाऱ्या मुली असतील. पण परीक्षा देऊन चित्रकार म्हणवून घेणं, ही वेगळीच गोष्ट होती.

मग त्या विस्मरणात का गेल्या? आम्हाला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे वडिलांची मोठी सावली. अंबिकाबाईंची पौराणिक-ऐतिहासिक प्रसंगचित्रं वडिलांच्या वळणाची आहेत, हे मान्यच करायला हवं. दुसरं कारण काळाचं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आला, आणि वास्तववादी शैली जुनाट ठरली. शैली मागे पडली, तिच्याबरोबर माणसंही मागे पडली.

१९४४ मध्ये वडील गेले. अंबिकाबाई २००९ पर्यंत होत्या. म्हणजे ६५ वर्षं! वडिलांचा ठेवा त्यांनी जिवापाड जपला. स्वतःची हकीकत 'माझी स्मरणचित्रे' या आत्मकथनात सांगितली.

इथे आपल्या गोष्टीत दुसरा चित्रकार येतो : सुहास बहुळकर. मूळचे पुण्याचे, जे. जे.मध्ये शिकले, तिथेच शिकवलं. जुने वाडे आणि त्यांतली माणसं हा त्यांच्या चित्रांचा आवडता विषय. मोडत चाललेलं जग रंगात धरून ठेवायचं, ही त्यांची ओढ. तीच ओढ त्यांना बॉम्बे स्कूलच्या इतिहासाकडे घेऊन गेली, आणि अंबिकाबाईंबद्दलही त्यांनी आपुलकीनं लिहिलं. दीपक घारे यांच्यासह त्यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा 'दृश्यकला' खंड २०१३ मध्ये आला. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याची मांडणीही बहुळकरांचीच.

आता बघा, कोश करायचा म्हणजे स्वतःच्या कॅनव्हासचा वेळ दुसऱ्यांच्या तारखा जुळवण्यात घालवायचा. एका चित्रकारासाठी ही किंमत लहान नाही. पण नुसता आदर असून भागत नाही. नाव, साल, चित्र कुठे आहे, हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. नाहीतर पुढच्या पिढीला उरते ती फक्त 'धुरंधरांची मुलगी'.

शेवटी आपल्या घरची गोष्ट. खार, पार्ले, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. सामान आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजीची, आत्याची एखादी चित्रवही निघते आणि रद्दीत जाते. तसं होऊ देऊ नका. पेन्सिलीनं मागे एवढंच लिहा : कुणी काढलं, कधी काढलं, चित्रात कोण आहे. इतिहासाचं काम तिथूनच सुरू होतं.