तोफेच्या नळीचें अंतरंग : ठाणें-कल्याणच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

जुन्या तोफेचें वर्णन करण्याची आपली एक ठरीव पद्धत आहे. लांबी किती, मुखाचा व्यास किती, पाठीवर लेख कोणता, एवढें टिपलें कीं काम पुरें झालें असें समजतात. विजापूरची मलिक-इ-मैदान तोफ इ. स. 1549 त अहमदनगर येथें महंमद बिन हसन रूमी यानें ओतली व तिचें तोंड हत्तीस गिळणाऱ्या सिंहाचें आहे, हें सर्वश्रुत आहे. परंतु तिच्या पोटांत दारूची कोठी पुढील नळीहून अरुंद ठेविली आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. तोफ बाहेरून पाहावयाची वस्तु, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

संशोधकानें दुर्लक्षिलेली ही जागा व्यापाऱ्यानें मात्र बारकाईनें न्याहाळली आहे. परदेशांतील लिलावगृहें व जुन्या हत्यारांचे विक्रेते आंतरजालावर जाहिरात देतांना पुष्कळदां बंदुकीच्या नळीच्या आंतील भागाचेंही छायाचित्र देतात. गिऱ्हाइकास जिन्नस हातांत घेतां येत नाहीं. आंत गंजाचे खळगे किती, पेचदार खाचा शाबूत कीं झिजलेल्या, यावर मोल ठरतें. हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकाही या बाजारांत येतात, व अशा एखाद्या चित्रांत लोखंडी पट्टी पिळून जोडल्याची तिरपी सांध कधीं कधीं स्पष्ट दिसते. हें लोहाराच्या कसबाचें प्रत्यक्ष प्रमाण होय. दुर्दैव हें कीं, चित्र उजळ यावें म्हणून नळी आधीं तारेच्या कुंच्यानें घांसून तेलानें पुसतात. म्हणजे जें चित्र घेण्याजोगें होतें तेंच चित्र घेण्यापूर्वीं नाहींसें होतें. आपल्या देशांत 1972 च्या कायद्यान्वयें शंभर वर्षांपलीकडील पुराणवस्तु खाजगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहीं. घांसण्यापुसण्याची खोड मात्र इकडेही आहे.

या गोष्टीचें महत्त्व ठाणें-कल्याणच्या मुलखांत विशेष आहे. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधावयास घेतला; तो अपुरा असतांनाच 1737 त मराठ्यांनीं घेतला. पुढील वर्षीं तो परत मिळविण्याचा पोर्तुगीजांचा प्रयत्न फसला. 1774 च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं वेढा घालून 28 तारखेस हल्ला करून तो जिंकला. 1780 त त्यांनीं कल्याणही घेतलें, व तें सोडविण्यास मराठी फौज चालून आली. साळबाईच्या तहानें (1782) कल्याण मराठ्यांकडे परत आलें, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. अर्धशतकाच्या आंत या खाडीकांठीं तीन सत्तांच्या तोफा वाजल्या. किल्ला पडला कीं तोफा जिंकणाराच्या पदरांत पडत, आणि त्या मोडींत न घालतां तो त्याच पुढच्या लढाईंत उभ्या करी. म्हणून एखाद्या तोफेच्या पाठीवर पोर्तुगालचें राजचिन्ह किंवा कंपनीचा शिक्का असला तर तेवढ्यानें तिचा जन्म कळतो. ती पुढें कोणाच्या हातीं किती झिजली हें कळत नाहीं.

तें पोट पाहिल्यानें कांहींसें कळतें. पूर्वीं तोफ ओततांना सांच्याच्या मध्यावर मातीचा गाभा लोखंडी आधारावर टांगीत व सभोंवार धातूचा रस सोडीत. गाभा किंचित हलला तरी नळी एका अंगास सरके व भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ होई. सबंध ठोकळा ओतून मागाहून बरम्यानें पोखरण्याची युक्ति स्वित्झर्लंडच्या मारित्झ यानें 1713 च्या सुमारास काढली. इंग्लंडांत बिडाच्या तोफा अशा रीतीनें पोखरण्याचें पेटंट विल्किन्सन यानें 1774 त, म्हणजे ठाण्याच्या वेढ्याच्याच वर्षीं घेतलें. यावरून 1774 त ठाण्यापुढें डागलेल्या इंग्रजी बिडाच्या तोफा बहुधा जुन्या रीतीच्याच असणार, असें अनुमान निघतें. येथें एक सावधगिरी हवी. गाभ्यावर ओतलेली नळीही शेवटीं बरम्यानें साफ करीत. तेव्हां आंत गोल रेघा दिसल्या एवढ्यावरून तोफ पोखरलेली ठरवूं नये. मुखाशीं चार ठिकाणीं भिंतीची जाडी मोजावी, आंत गाभ्याच्या आधारांच्या खुणा आहेत काय तें पाहावें, आणि मगच बोलावें. घडीव लोखंडाच्या देशी तोफांत तर हा प्रश्नच नसतो. तेथें लांब पट्ट्यांच्या सांधा आंतून दिसतात व वरील कडीं बाहेरून.

वापराच्या खुणा याहूनही बोलक्या आहेत. गोळा नळीपेक्षां थोडा लहान असे. बार उडतांना धूर वरच्या फटींतून निसटे व गोळा खालीं दाबला जाई. त्यामुळें पुष्कळ बार झालेल्या पितळी तोफेंत गोळा बसण्याच्या जागीं तळाशीं खळगा पडतो, आणि रंजकाचा कान आंतून रुंदावतो. कानांत मेख ठोकून तोफ निकामी केली असेल, तर मेखेचें टोंकही आंतच सांपडावयाचें. सोडून जाणाऱ्यानें मुद्दाम निकामी केलेली तोफ व नुसती गंजलेली तोफ यांतला हा भेद बाहेरून ध्यानांत येत नाहीं.

असें असतां किल्ल्यांवर, चौकांत व देवळांपुढें ठेवलेल्या कित्येक तोफांचीं तोंडें आपण सिमेंटानें बुजविलीं आहेत व वर डांबरी काळा रंग चढविला आहे. हेतु चांगला, पण प्रमाण गेलें. कायद्याच्या दृष्टीनेंही अंतर्भागास मोल आहे : 1959 च्या शस्त्र कायद्यांतील 45 वें कलम दुरुस्त करूनही उडवितां न येणाऱ्या जुन्या हत्यारांस मोकळीक देतें, आणि तें उडवितां येतें कीं नाहीं याचा निकाल बराचसा नळीवरच लागतो.

एकोणिसाव्या शतकांत तोफांचे परीक्षक आरशानें सूर्यप्रकाश नळींत पाडीत आणि खळग्यांचे ठसे रबरासारख्या चिकांत घेत. आज तारेच्या टोंकावरील बारीक कॅमेऱ्यानें काम सोपें झालें आहे. मुखाशीं एकदम प्रखर दिवा लावूं नये. कड चकाकते व खोली काळी पडते. मंद दिवा आंत सोडावा, काठीवर इंचांच्या खुणा कराव्या, दर हातावर एक चित्र घ्यावें, आणि कान वर धरून चित्राची दिशा लिहून ठेवावी. घांसूं नये, तेल लावूं नये. निघालेली माती पिशवींत जपावी.

परंतु माती काढण्यापूर्वीं तोफ रिकामी आहे अशी खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत अठराव्या शतकांतील एक तोफ अनेक वर्षें लोकांपुढें उभी होती. 2013 च्या जानेवारींत ती साफ करण्यास घेतली तेव्हां आंत दारू व गोळा जसेच्या तसे निघाले व पोलिसांस बोलवावें लागलें. आपल्याकडील ज्या तोफांचीं मुखें बुजविलेलीं आहेत, त्यांवर छिन्नी चालविण्यापूर्वीं ही हकीकत वाचलेली बरी.