ई-पुस्तकांचा ग्रंथपाल

ग्रंथालयाच्या कपाटातून शंभर वर्षांपूर्वी छापलेले एखादे पुस्तक काढले, तर ते आपल्याला लगेच वाचता येते. कागद पिवळा पडलेला असेल, शिवण उसवलेली असेल, पण वाचण्यासाठी यंत्र लागत नाही की प्रकाशकाची परवानगी लागत नाही. आता पंचवीस वर्षांपूर्वी एखाद्या शाळेने आपल्या स्मरणिकेचा मजकूर सीडीवर जपून ठेवला आहे असे समजा. ती सीडी आज सुस्थितीत असली, तरी मजकूर वाचता येईलच असे नाही. फाइल ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली ते आता मिळत नाही. फाइल उघडलीच, तर पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. वस्तू शाबूत आहे, पण पुस्तक हरवले आहे!

असे का होते? आणि ते टाळण्यासाठी कोणी काय केले? ई-पुस्तकांच्या सुमारे पन्नास वर्षांच्या इतिहासात या प्रश्नांची उत्तरे सापडतात. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू या.

साध्या अक्षरांपासून सुरुवात

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून द्यावा लागतो. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाची अशी एक यादी प्रमाणित झाली. तिच्यात एकूण १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची त्यांत सोय झाली. देवनागरीचा प्रश्नच तेव्हा कोणाच्या मनात नव्हता.

४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या विद्यार्थ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा तेथील संगणकावर टंकलिखित केला. त्यातूनच ‘प्रोजेक्ट गटेनबर्ग’ हे विनामूल्य ई-ग्रंथालय उभे राहिले. पुस्तके शक्यतो साध्या आस्की मजकुराच्या रूपात ठेवायची, असा हार्ट यांचा आग्रह होता. आजचा संगणक उद्या राहणार नाही, पण साधा मजकूर कोणत्याही संगणकाला वाचता येईल, हा त्यामागचा विचार. तो खरा ठरला.

परंतु साध्या मजकुराला मर्यादाही आहेत. प्रकरणाचे शीर्षक कोणते, तिरपी अक्षरे कोठे, आकृती कोठे बसवायची, हे त्यात सांगता येत नाही. ते सांगायचे तर मजकुरासोबत खुणा ठेवाव्या लागतात. या खुणा ठेवण्याची जी रीत, तिलाच आपण फाइलचा ‘फॉरमॅट’ म्हणतो. आणि इथेच गोंधळाला सुरुवात झाली, कारण प्रत्येक कंपनीने आपली रीत वेगळी ठेवली.

१९९३ साली अडोबी कंपनीने पीडीएफ आणला. २००० साली मायक्रोसॉफ्टने स्वतःचा ‘लिट’ फॉरमॅट आणला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये ‘मोबिपॉकेट’ ही कंपनी निघाली आणि तिचा फॉरमॅट तिसराच होता. ही कंपनी पुढे २००५ साली अ‍ॅमेझॉनने विकत घेतली. एका फॉरमॅटसाठी घेतलेले पुस्तक दुसऱ्या यंत्रावर उघडत नसे.

कागदासारखा पडदा

मध्यंतरी पडद्याच्या तंत्रातही महत्त्वाचा बदल झाला. १९९७ साली अमेरिकेत ‘ई-इंक’ ही कंपनी स्थापन झाली. तिच्या पडद्यात केसाच्या जाडीइतक्या लहान असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण असून त्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की कधी पांढरे कण वर येतात, कधी काळे. एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी तेथेच राहतात. त्यामुळे वीज फक्त पान उलटताना लागते. हा पडदा स्वतः प्रकाश न देता बाहेरचा प्रकाश परावर्तित करतो, म्हणून तो उन्हातही कागदासारखा वाचता येतो.

सोनी कंपनीने या पडद्याचे वाचनयंत्र २००४ साली जपानमध्ये विकायला आणले. २००६ साली त्याचे ‘पीआरएस-५००’ हे रूप अमेरिकेत आले. सहा इंची पडदा आणि करड्या रंगाच्या केवळ चार छटा! यंत्र चांगले होते, पण त्याचा फॉरमॅट सोनीचा स्वतःचा होता आणि संगणकावरून त्यात पुस्तके भरण्याचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असे.

एका विद्यार्थ्याची अडचण

त्या वेळी कोविद गोयल हा भारतीय तरुण कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे भौतिकशास्त्रात संशोधन करत होता. क्वांटम संगणन हा त्याचा विषय. त्याने पीआरएस-५०० घेतले, पण त्याच्या संगणकावर लिनक्स होते, आणि लिनक्ससाठी सोनीने काहीच केले नव्हते. संगणक आणि यंत्र एकमेकांशी कोणत्या संकेतांनी बोलतात, हे त्याने इतरांच्या मदतीने निरीक्षणातून शोधून काढले. ३१ ऑक्टोबर २००६ ही या प्रकल्पाची जन्मतारीख मानली जाते. त्याचे पहिले नाव होते ‘लिबपीआरएस५००’.

यंत्राशी बोलणे जमले, पण यंत्रात भरायला पुस्तके कोठे होती? म्हणून इतर फॉरमॅटमधील पुस्तके सोनीच्या फॉरमॅटमध्ये बदलण्याचे साधन त्याने लिहिले. पुस्तके वाढली तशी ती नीट लावून ठेवण्याची गरज निर्माण झाली. मग सूची आली. एका अडचणीतून दुसरी आणि तिच्यातून तिसरी, असे करत सॉफ्टवेअर वाढत गेले. २००८ साली त्याला ‘कॅलिबर’ हे नाव मिळाले. ते गोयल यांच्या पत्नीने सुचवले. या नावाच्या शेवटी ‘लिब्र’ म्हणजे ‘मुक्त’ हा शब्द दडलेला आहे. सॉफ्टवेअर मोफत तर आहेच, शिवाय त्याचा मूळ संकेतही सर्वांना पाहण्यासाठी आणि बदलण्यासाठी खुला आहे.

पुढे काय झाले ते पाहा. मायक्रोसॉफ्टने आपले वाचन-सॉफ्टवेअर २०१२ साली बंद केले. सोनीने २०१४ साली अमेरिकेतील आपले ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले. ज्या यंत्रासाठी कॅलिबरचा जन्म झाला ते यंत्र इतिहासजमा झाले. कॅलिबर मात्र चालू राहिले, आणि २०२५ साली त्याची आठवी मोठी आवृत्ती निघाली.

रूपांतर कसे होते?

येथे थोडे गणित करू. समजा, वीस फॉरमॅट आहेत आणि कोणत्याही एकातून दुसऱ्या कोणत्याही फॉरमॅटमध्ये जाता आले पाहिजे. प्रत्येक जोडीसाठी वेगळे रूपांतर लिहायचे, तर २० × १९ म्हणजे ३८० आज्ञावली लिहाव्या लागतील. त्याऐवजी मध्ये एक सामाईक रूप ठरवले तर? प्रत्येक फॉरमॅटमधून सामाईक रूपात येण्यासाठी २०, आणि तेथून बाहेर पडण्यासाठी २०, अशा एकूण फक्त ४० पुरतात. परभाषेतील मूळ ग्रंथ न वाचता आपण त्याच्या इंग्रजी भाषांतरावरून मराठी भाषांतर करतो, तसाच हा प्रकार. कॅलिबर हेच करते.

मधले सामाईक रूप निवडतानाही नवे काही शोधलेले नाही. १९९९ साली ई-पुस्तकांसाठी ‘ओपन ईबुक’ नावाचे खुले प्रमाण तयार झाले होते. त्यातूनच २००७ साली ‘ईपब’ हा आज सर्वत्र चालणारा फॉरमॅट आला. संकेतस्थळे ज्या एचटीएमएल खुणांनी लिहिली जातात, त्याच खुणा यात वापरतात. कॅलिबरही पुस्तक प्रथम अशा खुणांच्या रूपात आणते, मग त्यात समास, अक्षरांचा आकार, प्रकरणांची अनुक्रमणिका वगैरे दुरुस्त्या करते, आणि शेवटी हव्या त्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढते.

पीडीएफचे रूपांतर मात्र बहुधा फसते. याचे कारण पीडीएफच्या हेतूत आहे. पान छापल्यावर कसे दिसेल, ते त्यात नोंदलेले असते, म्हणजे अमुक अक्षर डाव्या कडेपासून इतके आणि खालून तितके. परिच्छेद कोठे संपला, वरची ओळ शीर्षक आहे की पृष्ठांक, हे पुष्कळदा त्यात लिहिलेलेच नसते. संगणकाला ते अंदाजाने ठरवावे लागते. जी माहिती मुळात साठवलीच नाही, ती रूपांतराने परत येत नाही. हा धडा ई-पुस्तकांपुरताच आहे असे नाही.

पुस्तक कोठे ठेवायचे?

ग्रंथपालाचे दुसरे काम पुस्तके लावण्याचे. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह घ्या. तो कोणत्या कप्प्यात ठेवाल? लेखकाच्या, विज्ञानकथांच्या, की नववीच्या अवांतर वाचनाच्या? लाकडी कपाटात एक प्रत एकाच जागी राहते. संगणकातील फोल्डरही तशाच कपाटासारखे असतात. म्हणून कॅलिबर पुस्तकाची फाइल लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकदाच ठेवते आणि सूची वेगळी सांभाळते. सूचीत लेखक, विषय, मालिका, भाषा, प्रकाशक अशा हव्या तितक्या नोंदी करता येतात. त्यामुळे एकच पुस्तक वाचकाला अनेक वाटांनी सापडते.

हा विचार आपल्याला नवा नाही. मूळचे गणिताचे प्राध्यापक असलेले शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. १९३३ साली त्यांनी जी द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली, तिचा पाया असा की, एका पुस्तकाच्या विषयाला अनेक पैलू असतात आणि ते सर्व नोंदले पाहिजेत. आज संगणकातील खुणापट्ट्या हेच काम करतात. अर्थात नोंदी आळसाने केल्या, तर उत्तम सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही. एकाच लेखकाचे नाव तीन प्रकारे लिहिले, की संगणकाच्या दृष्टीने ते तीन लेखक होतात.

कुलूप कोणाच्या हाती?

रूपांतराला एक मोठा अडसर आहे. पुष्कळ विकत घेतलेल्या ई-पुस्तकांना संकेतांचे कुलूप असते. कॅलिबर स्वतः असे कुलूप उघडत नाही. कुलपामागे लेखकाच्या हक्कांचे रक्षण हा हेतू असतो आणि तो आम्हांला गैर वाटत नाही. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके परस्पर काढून घेतली. ज्याने ती विक्रीला ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, असे कारण होते. त्यांतील एक पुस्तक ‘१९८४’ होते हा विलक्षण योगायोग! ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीप्रमुखांनी माफीही मागितली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हाही पैसे परत मिळाले, पण पुस्तके नाहीशी झाली. छापील पुस्तकाच्या बाबतीत असे कधी घडले असते का?

मुक्त पुस्तकांचे तसे नसते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून १ जानेवारी २०११ पासून त्यांचे लेखन कोणालाही प्रसिद्ध करता येते. अशा पुस्तकांना कुलूप नसते, आणि ती खुल्या फॉरमॅटमध्ये आणणे ही आपलीच जबाबदारी आहे.

मराठीची खास अडचण

आता सुरुवातीच्या सीडीकडे वळू. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली राष्ट्रीय मानक झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला १२८ जागा मिळाल्या. तरीही त्यानंतर अनेक वर्षे मराठी छपाईत प्रत्येक विक्रेत्याचे वेगळे फॉन्ट चालू राहिले, कारण पृष्ठरचनेची प्रचलित सॉफ्टवेअर देवनागरी जाणत नव्हती. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर ‘शाळा’ दिसे, पण फाइलमध्ये रोमन चिन्हे असत.

‘कि’ हे अक्षर पाहा. आपण उच्चार करतो तो आधी ‘क’चा, मग ‘इ’चा. युनिकोडमध्येही आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. जुन्या फॉन्टांत मात्र दिसते त्या क्रमाने आधी वेलांटी आणि मग क. ‘दऱ्या’मधला र, ‘मूर्ती’मधला रफार यांच्या बाबतीतही असेच गोंधळ होतात. म्हणून अशा फाइलींचे रूपांतर करण्यासाठी त्या त्या फॉन्टचा तक्ता लागतो, आणि शेवटी डोळ्यांत तेल घालून मुद्रितशोधन करावे लागते. हे काम कॅलिबर करत नाही. मजकूर एकदा युनिकोडमध्ये आला, की पुढचे सर्व सोपे असते. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली, तीही यानंतरच.

वर्गात काय करता येईल?

कुलूप नसलेल्या एखाद्या ईपब फाइलची प्रत घ्या. तिच्या नावाच्या शेवटचे ‘ईपब’ काढून तेथे ‘झिप’ अशी रोमन अक्षरे लिहा आणि ती उघडा. आत प्रकरणांच्या वेगवेगळ्या फाइली, चित्रे, अनुक्रमणिका आणि ग्रंथनोंद दिसेल. पुस्तकाची ही शरीररचना विद्यार्थ्यांना स्वतः पाहू द्या. मग शाळेच्या जुन्या हस्तलिखितांची, स्मरणिकांची यादी करा. कोणत्या फाइली आजही उघडतात, कोणत्या उघडत नाहीत, हे मुलांनाच तपासू द्या. ज्या उघडत नाहीत पण ज्यांची छापील प्रत शिल्लक आहे, त्यांतील दहा पाने दर आठवड्याला युनिकोडमध्ये टंकलिखित केली, तर वर्षभरात एक लहानसे ग्रंथालय वाचेल. त्या स्मरणिकांत लिहिणारे विद्यार्थी आज पालक झाले असतील. त्यांचे लेखन त्यांच्या मुलांना वाचता यावे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.