गिळता येत नाही, म्हणून कोंडतात!

मे २०२१ आठवतोय? ऑक्सिजनची धावपळ जरा कमी होत होती, तेवढ्यात 'काळी बुरशी' आली. पत्रकाराच्या ओळखीने ॲम्फोटेरिसिन-बी मिळेल का, म्हणून रात्री-अपरात्री फोन यायचे. त्या गडबडीत मी एका बातमीला मथळा दिला: 'काळी बुरशी पसरतेय'. चूक माझीच. म्युकरमायकोसिस माणसाकडून माणसाला लागत नाही. पण तो मथळा वाचून एका घरात आजींच्या खोलीत जाणं लोकांनी बंद केलं, हे मला नंतर कळलं. ते अजून टोचतं. म्हणून आज थोडा इतिहास.

सुरुवात आपल्याकडूनच होते. 'ग्रेज ॲनाटॉमी' हा ग्रंथ १८५८ साली आला. त्यातली चित्रं काढणारा डॉक्टर हेन्री व्हॅनडाईक कार्टर त्याच वर्षी मुंबईत नोकरीला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, पुढे काही वर्षं साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. त्याच्याकडे पाय सुजलेले शेतकरी यायचे. पायाला भोकं पडलेली, त्यातून पू आणि काळे-पांढरे दाणे बाहेर येत. मदुराईकडे खूप दिसायचा म्हणून या रोगाला 'मदुरा फूट' म्हणत. कार्टरने त्याला 'मायसेटोमा' नाव दिलं आणि १८७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. काळे दाणे म्हणजे बुरशीचे गोळे, एकेक दाणा डोळ्यांना दिसेल एवढा. (काही प्रकारच्या दाण्यांमागे जिवाणू असतात, हे पुढे स्पष्ट झालं.)

मग १८८२. इटलीतल्या मेसिनात रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटा टोचला, तर पेशी काट्याभोवती गोळा झाल्या! १८८४ मध्ये त्याने पाण्यातल्या डॅफ्निया या बारीक जीवात बुरशीचे सुईसारखे बीजाणू आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्या पेशी पाहिल्या. पेशी जंतू गिळतात, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिश यांच्यासोबत मिळालं.

पण जंतू पेशीपेक्षा मोठा असेल तर?

न्यूट्रोफिल ही आपली पांढरी पेशी साधारण १२ ते १५ मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. बुरशीचा धागा तिच्या कितीतरी पट लांब वाढतो. तो तोंडात मावत नाही. हे कोडं बरीच वर्षं अर्धवट राहिलं. २००४ मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत ब्रिंकमन आणि झिखलिन्स्की यांच्या गटाला दिसलं की न्यूट्रोफिल स्वतःचाच डीएनए बाहेर फेकून जाळं विणते. जाळ्यात जंतूंना मारणारी प्रथिनं चिकटलेली असतात, आणि बहुतेक वेळा जाळं टाकणारी पेशी स्वतः मरते. २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पुढचं दाखवलं: पेशी जणू माप घेते. छोटा यीस्ट गिळता आला तर जाळं टाकत नाही, लांब धागा दिसला की टाकते. कारण हे जाळं आपल्याच ऊतींनाही इजा करतं.

शिवाय पेशी एकमेकींना हाका मारून झुंडीने धाग्याला वेढा घालतात. काही वेळा अनेक पेशी एकत्र होऊन एक राक्षसी पेशी बनते. शत्रू मेला नाही तरी कोंडून ठेवायचा, असा हा प्रकार. मायसेटोमातही दाण्याभोवती पेशींचा असाच गराडा असतो, तरी दाणा वर्षानुवर्षं टिकतो.

आता २०२१ कडे परत या. म्युकरची बीजं हवेत, मातीत, सगळीकडे असतात; तुमच्या-माझ्या नाकातही जातात. आपण आजारी पडत नाही, कारण पहारा जागा असतो. साखर फार वाढली की या पेशी सुस्तावतात, स्टेरॉईड त्यांना आणखी दाबतं. कोविडमध्ये दोन्ही एकदम झालं. स्टेरॉईडने अनेकांचा जीव वाचवला, हेही खरंच. पण शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्या आणणारेही मी पाहिलेत. आणि तो काळा रंग? तो बहुतांशी मेलेल्या मांसाचा.

म्हणून मित्रांनो, दोनच विनंत्या. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय स्टेरॉईड घेऊ नका, आणि घरातल्या मोठ्यांची साखर तपासत राहा. शेतात अनवाणी जाणाऱ्यांना चप्पल-बूट घालायला सांगा, पायावर न दुखणारी गाठ आली तर दाखवायला न्या. कार्टरला दिसलेला तो रोग अजून संपलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तो २०१६ साली दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला.

आणि त्या आजींच्या घरच्यांनो, ही पोस्ट वाचत असाल तर माफ करा. मथळा चुकीचा होता.