डहाणू-तलासरीत रोजच्या येण्याजाण्याला कोणती दुचाकी परवडेल? पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत दुचाकी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल आली, पण स्टेशनला पोहोचायला गाडी लागतेच. तलासरी गावाला तर रेल्वे स्टेशनच नाही. कुणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यात जातो, कुणी बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत, तर आम्ही शिक्षक मंडळी पाड्यावरच्या शाळांत. एसटीची वेळ चुकली की अर्धा दिवस गेला. त्यामुळे घरात नवी गाडी घ्यायची ठरली की पहिला प्रश्न येतो, कोणती घेऊ? शेजारी म्हणतो इलेक्ट्रिक घे, मामू म्हणतात पेट्रोलच बरी. आम्ही इथे कुणाची जाहिरात करत नाही. आपल्या घराचा हिशेब आपल्याला मांडता यावा, एवढाच हेतू आहे.

आधी आपला रस्ता मोजा

गाडी बघण्याआधी एक आठवडा रोज किती किलोमीटर होतात ते वहीत लिहा. घरापासून कामापर्यंतचं अंतर मोजून भागत नाही. मुलांना शाळेत सोडणं, बाजार, क्लास, जुम्म्याची नमाज, नातेवाईकांकडे जाणं, सगळं धरा. डहाणू ते बोर्डी एका बाजूने पंधरा-सतरा किलोमीटर भरतं. म्हणजे बोर्डीहून डहाणूला रोज येणाऱ्याचे जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर झाले.

रस्ता कसा आहे तेही लिहा. बोर्डी-घोलवडकडे सपाट रस्ता, पण खारी हवा. कासा, उधवा किंवा जव्हारच्या बाजूला चढउतार. तलासरी-चारोटीकडे राष्ट्रीय महामार्ग ४८, म्हणजे ट्रक-कंटेनरची रांग. याच तीन गोष्टींवर, म्हणजे अंतर, चढ आणि महामार्ग, निम्मा निर्णय होतो.

खर्चाचा साधा हिशेब

उदाहरण घेऊ. रोज ४० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे ९६० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि वीज सगळे आकार धरून १० रुपये युनिट मानू. तुमचा दर वेगळा असेल तर आकडा बदलून घ्या.

- ११० सीसी स्कूटर, लिटरला ४५ किमी: सुमारे २१.३ लिटर, महिना २,२२० रुपये.
- १०० सीसी मोटरसायकल, लिटरला ६० किमी: १६ लिटर, महिना १,६६४ रुपये.
- इलेक्ट्रिक स्कूटर, चार्जरमधली गळती धरून युनिटला २५ किमी: सुमारे ३८ युनिट, महिना ३८४ रुपये.

म्हणजे पेट्रोल स्कूटरच्या तुलनेत महिन्याला साधारण १,८३५ रुपये वाचतात. इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर येईपर्यंत ३० हजार रुपये महाग पडत असेल, तर तो फरक सोळा-सतरा महिन्यांत फिटतो.

आता दुसरं घर बघा. रोज फक्त १० किलोमीटर, म्हणजे महिन्याला २४०. इथे पेट्रोलला ५५५ रुपये लागतात, विजेला ९६. बचत ४५९ रुपये. ३० हजारांचा फरक फिटायला साडेपाच वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीची वॉरंटीही बहुधा संपलेली असेल. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: ज्याचं फिरणं जास्त, त्याला इलेक्ट्रिकचा फायदा जास्त. ज्याची गाडी बाजार-मशीद-घर एवढीच फिरते, त्याने बचतीच्या नावाखाली घाई करू नये. जुनी गाडी चांगली चालत असेल तर ती नीट सर्व्हिस करून वापरणं हीसुद्धा बचतच आहे.

सीमेपलीकडचं पेट्रोल आणि पासिंग

गुजरातेत राज्याचा कर कमी असल्याने पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त मिळतं. गेली काही वर्षं हा फरक लिटरमागे साधारण नऊ-दहा रुपयांचा राहिला आहे. ज्याचं कामच वापी किंवा उंबरगावला आहे त्याने तिकडे टाकी भरावी, हे ठीक. पण स्कूटरच्या टाकीत पाच लिटरच मावतात. म्हणजे एका टाकीमागे ४५-५० रुपये वाचले. त्यासाठी मुद्दाम २० किलोमीटरचा फेरा मारला तर ४० रुपयांचं पेट्रोल त्यातच जळतं. मग वाचलं काय?

गाडीच्या पासिंगचंही असंच. कर कमी म्हणून काही जण वापी, दमण, सिल्वासाच्या पत्त्यावर गाडी घेतात. कायदा सांगतो की मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी जिथे नेहमी ठेवली जाते, त्या राज्यात नोंदणी करायची. दुसऱ्या राज्याची गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त वापरली तर इथला नंबर आणि इथला कर लागतोच. खोट्या पत्त्यावर घेतलेली गाडी अपघाताच्या वेळी विम्याच्या कागदांत अडकू शकते. आपल्या जिल्ह्याचाच नंबर घ्या.

पेट्रोल किंवा सीएनजी घ्यायची तर

मायलेज हाच एकमेव विचार असेल तर १०० सीसीची गिअरवाली मोटरसायकल आजही स्कूटरच्या पुढे आहे. स्प्लेंडर, शाईन १०० या गाड्या खेड्यातल्या मिस्त्रीलाही खोलता येतात. त्यांची मोठी चाकं खड्ड्यात बरी पडतात. पण घरात अम्मी, बायको, मुलगी सगळ्यांनी चालवायची असेल तर बिनगिअरची स्कूटरच सोयीची.

स्कूटर बघताना चाकाचा आकार विचारा. ज्युपिटर ११० ला दोन्ही चाकं १२ इंची आहेत, ॲक्टिव्हा ११० चं मागचं चाक १० इंची आहे. आपल्याकडच्या पावसाळी खड्ड्यांत मोठं चाक चांगलं. वजनही बघा. फॅसिनो १२५ सुमारे ९९ किलोची आहे, ॲक्टिव्हा त्याहून काही किलो जड. स्टँडवर गाडी कोण चढवणार आहे, त्याच्या ताकदीप्रमाणे ठरवा.

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. गाडी बिघडली असं समजून घाबरू नका. मात्र जुनी गाडी असेल तर तिचे रबरी पाईप आणि सील तपासून घ्या.

बजाज कंपनीने जुलै २०२४ मध्ये फ्रीडम १२५ ही सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आणली. तिच्यात २ किलो सीएनजी आणि २ लिटर पेट्रोल मावतं. महामार्गालगत राहणाऱ्यांनी हा पर्याय जरूर बघावा. पण सीएनजी पंप तुमच्या रोजच्या वाटेवर हवा, आणि तिथली रांग किती असते ते स्वतः दोन दिवस जाऊन बघा.

इलेक्ट्रिक घ्यायची तर

बॅटरी किलोवॅट-तासात मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं एक युनिट. चेतक, आयक्यूब, रिझ्टा, विडा अशा गाड्यांत साधारण दोन ते पाच युनिटच्या बॅटऱ्या येतात. जाहिरातीतली रेंज चाचणीच्या ठराविक परिस्थितीतली असते. आम्ही तिचा ७० टक्के आकडा खरा धरतो. दोन माणसं, चढ आणि जोराचा वारा असेल तर त्याहून कमी. बॅटरी दरवर्षी थोडी थकतेही. म्हणून रोजच्या एकूण अंतराच्या निदान दीडपट खरी रेंज असलेलीच गाडी घ्या. रोज ४० किलोमीटर असतील तर खरी रेंज ६० हवी, म्हणजे जाहिरातीत किमान ८५-९० लिहिलेली.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. तीन वर्षं किंवा ५०,००० किलोमीटर, यात जे आधी होईल ते, अशी अट सर्रास असते. महिन्याला ९६० किलोमीटर चालणारी गाडी तीन वर्षांत साडेचौतीस हजारांवरच असते, म्हणजे आधी वर्षं संपतात. थोडे पैसे देऊन वॉरंटी वाढवून मिळत असेल तर रोज लांब जाणाऱ्याने घ्यावी. आणि पेट्रोलचे वाचलेले सगळे पैसे खर्च करू नका. त्यातले महिन्याला ५०० रुपये बॅटरीसाठी बाजूला टाका. पाच वर्षांत ३० हजार जमतात. हा हिशेब कुणी शोरूममध्ये सांगत नाही.

वीज, पाऊस आणि खारी हवा

तीन युनिटची बॅटरी ७५० वॅटच्या चार्जरवर भरायला चार-साडेचार तास लागतात. रात्री लावली की सकाळी तयार. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून जून ते सप्टेंबर बॅटरी निम्म्यावर येईपर्यंत वाट बघू नका, वीज असेल तेव्हा भरून ठेवा.

घरचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कंपनी सांगेल त्या अँपिअरचा पक्का सॉकेट बसवा. लांबवलेली वायर, ढिला प्लग आणि झोपायच्या खोलीत चार्जिंग, या तिन्ही गोष्टी टाळा. जिन्याखाली, म्हणजे बाहेर पडायच्या एकाच वाटेवर गाडी चार्जिंगला लावू नका. गाडी पाण्यातून आणली असेल तर आधी सुकू द्या, मग चार्जिंगला लावा. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असेल तर ती एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असा त्याचा अर्थ. पुरात गाडी घालायचा तो परवाना नव्हे.

वीजबिलाचे टप्पे असतात. आज तुमचं घर महिन्याला ९० युनिट वापरत असेल, तर गाडीचे ३८ धरून ते १२८ होईल. म्हणजे १०० च्या वरची युनिटं महागड्या टप्प्यात जातील. हिशेब करताना हा वरचा दर धरा.

समुद्राकाठच्या झाई, बोर्डी, चिंचणीच्या लोकांनी गाडी कोणतीही घेतली तरी आठवड्याला गोड्या पाण्याने पुसावी. गंजाला पेट्रोल-इलेक्ट्रिकचा फरक कळत नाही.

‘लायसन्स नको’ म्हणून विकली जाणारी गाडी

हा मुद्दा प्रत्येक आई-बापाने वाचावा. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, अशाच इलेक्ट्रिक गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. काही ठिकाणी अशा गाडीचा वेग वाढवून देतात. वेग वाढला की ती कायद्याने मोटार वाहन ठरते. मग तिला नंबर नाही, विमा नाही, चालवणाऱ्याकडे लायसन्स नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी ताशी २५ ची गाडी महामार्ग ४८ वर कंटेनरच्या पुढे घालणं म्हणजे जीव धोक्यात टाकणं आहे. आठवी-नववीच्या मुलाला ट्युशनसाठी सायकल द्या, बेटा रुसला तरी चालेल.

ओढणी, बुरखा आणि हेल्मेट

मागे बसणाऱ्या बाईची ओढणी, साडी किंवा बुरख्याचा घेर चाकात अडकून जीव गेल्याच्या घटना घडतात. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियमानेच सक्तीचं आहे. स्टाईलसाठी ते काढू नका. स्कूटर घेतानाही घरातल्या बायकांना शोरूममध्ये नेऊन मागे बसवून बघा, कपडा चाकापर्यंत जातो का ते लगेच कळतं. हेल्मेट दोघांनाही लागतं, आयएसआय मार्कचंच. हिजाबवर बसेल असं माप तिथेच घालून बघून घ्या.

पैसे कसे उभे करायचे

आपल्यातल्या बऱ्याच घरांना सूद टाळायचा असतो. त्यांच्यासाठी बिशी, घरातली कर्ज-ए-हसना किंवा थोडी थांबून रोख खरेदी हे रस्ते आहेत. ‘शून्य टक्के’ हप्ता म्हटलं की प्रोसेसिंग फी किती, रोख घेतली तर किंमत किती कमी, हे दोन आकडे लेखी मागा. फरक तिथेच दिसतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक दुचाकीला आधी प्रति किलोवॅट-तास ५,००० रुपये अनुदान होतं, २०२५-२६ साठी ते निम्मं झालं. म्हणून जुन्या जाहिरातीतला भाव धरून जाऊ नका.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न

१. पासिंग, विमा, चार्जर, ॲक्सेसरीज सगळं धरून शेवटची किंमत किती? लेखी द्या.
२. जवळचं सर्व्हिस सेंटर डहाणूत, बोईसरला की वापीला?
३. बॅटरीची वॉरंटी किती, आणि आज नवी बॅटरी घेतली तर किती पडेल?
४. चार्जर बिघडला तर बदलून किती दिवसांत मिळतो?
५. माझ्या रोजच्या चढावर, मागे माणूस बसवून, चालवून बघू देता का?

पाचव्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरं शोरूम बघा. आणि सगळे आकडे वहीत लिहून घरी आणा. घरात सगळ्यांनी मिळून बघितले, मग पैसे भरले, तर मागाहून कुरकुर होत नाही.