जागतिक साथीतील विषाणू संसर्ग आणि गर्भवती स्त्रिया

जागतिक साथीच्या काळात श्वसनमार्गाच्या विषाणूंचा संसर्ग सर्व वयोगटांत होत असला, तरी त्याचे परिणाम सर्वांवर सारखे होत नाहीत. वृद्ध, लहान मुले आणि जुनाट विकारांचे रुग्ण यांच्याबरोबरच गर्भवती स्त्रियांचा समावेश अतिजोखमीच्या गटात केला जातो. २००९ च्या एच१एन१ इन्फ्लुएंझा अर्थात स्वाइन फ्लूच्या साथीत या जोखमीचा जगभर पद्धतशीर अभ्यास झाला. गर्भवतीला झालेला संसर्ग गंभीर रूप धारण करण्याची शक्यता अधिक असते आणि उपचारास होणारा विलंब हे त्यातील टाळता येण्याजोगे एक प्रमुख कारण आहे, असे या अभ्यासांतून स्पष्ट झाले.

पूर्वीच्या साथींचा अनुभव

ही बाब नवीन नव्हती. १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीत अमेरिकेतील सुमारे १,३५० गर्भवती रुग्णांच्या पाहणीत निम्म्या स्त्रियांना न्यूमोनिया झाल्याचे आणि एकंदर २७ टक्के स्त्रिया दगावल्याचे आढळले होते. हिंदुस्थानात ही साथ त्याच वर्षी मुंबई बंदरातून शिरली. येथे पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण अधिक राहिले आणि पुढील वर्षी जन्मदरातही मोठी घट झाली. १९५७ च्या आशियाई फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मृत्यू पावलेल्या प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्या गर्भवती होत्या.

२००९ ची साथ

जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी एच१एन१ ची जागतिक साथ जाहीर केली. भारतातील पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबाद येथे आढळला, तर देशातील पहिल्या मृत्यूची नोंद ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाली. त्यानंतर पुण्यातील नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी लागलेल्या रांगा, तोंडाला रुमाल बांधून फिरणारे नागरिक आणि बंद ठेवण्यात आलेल्या शाळा व चित्रपटगृहे यांमुळे साथीचे गांभीर्य देशभर पोहोचले.

याच सुमारास अमेरिकेतील आकडेवारी प्रसिद्ध होत होती. तेथील लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण सुमारे १ टक्का असताना एच१एन१ मुळे झालेल्या मृत्यूंत त्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. एप्रिल ते ऑगस्ट २००९ या काळात नोंद झालेल्या ७८८ गर्भवती रुग्णांपैकी ३० जणी दगावल्या. लक्षणे दिसू लागल्यापासून दोन दिवसांच्या आत विषाणूरोधक औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ९ टक्के स्त्रियांना अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. चार दिवस उलटल्यानंतर औषध मिळालेल्यांत हेच प्रमाण सुमारे ५७ टक्के होते.

ब्रिटनमध्ये या संसर्गामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या २५६ गर्भवतींच्या अभ्यासात बाळांवरील परिणाम दिसून आला. संसर्ग झालेल्या मातांमध्ये मृत जन्मलेली आणि जन्मानंतर पहिल्या आठवड्यात दगावलेली बाळे दर हजार जन्मांमागे ३९ होती. संसर्ग न झालेल्या मातांमध्ये ही संख्या ७ होती. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले.

जोखीम वाढण्याची कारणे

गर्भारपणात शरीराची प्राणवायूची गरज सुमारे २० टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकते आणि उच्छ्वासानंतर फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. हृदयाला दर मिनिटास ३० ते ५० टक्के अधिक रक्त पुरवावे लागते. अशा स्थितीत फुफ्फुसांना सूज आल्यास रक्तातील प्राणवायूचे प्रमाण झपाट्याने खालावते. गर्भाचा स्वीकार व्हावा यासाठी मातेच्या रोगप्रतिकारशक्तीत होणाऱ्या बदलांमुळे काही विषाणूंना तोंड देण्याची पद्धतही बदलते. दमा, मधुमेह, स्थूलता किंवा तीव्र रक्तक्षय असल्यास धोका आणखी वाढतो. गर्भारपणाच्या दुसऱ्या व विशेषतः तिसऱ्या तिमाहीत आजार अधिक गंभीर होतो. पहिल्या तिमाहीतील तीव्र तापाचा संबंध गर्भाच्या मज्जासंस्थेतील जन्मजात दोषांशी आढळलेला असल्याने या काळातही ताप अंगावर काढणे योग्य नसते.

विलंब का होतो

गर्भारपणात धाप लागणे, थकवा येणे या गोष्टी नेहमीच्याच समजल्या जातात. त्यामुळे आजाराची सुरुवात स्वतः स्त्रीच्या, घरातील मंडळींच्या आणि प्रसंगी डॉक्टरांच्याही लक्षात येत नाही. दुसरे कारण म्हणजे बाळाला अपाय होईल या भीतीने औषध घेण्याचे किंवा देण्याचे टाळले जाते. तिसरे म्हणजे तपासणीचा अहवाल येईपर्यंत उपचार थांबवून ठेवले जातात.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या तिसऱ्या कारणाचा विचार केलेला आहे. या सूचनांनुसार फ्लूसदृश रुग्णांचे अ, ब आणि क असे तीन गट करण्यात येतात. लक्षणे सौम्य असली तरी गर्भवतीचा समावेश ब गटात होतो आणि घशातील स्रावाच्या तपासणीची वाट न पाहता तिला ऑसेलटॅमिव्हिर हे औषध सुरू करावयाचे असते. प्रौढांसाठी या औषधाची नेहमीची मात्रा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, पाच दिवस अशी असून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते. या औषधामुळे गर्भातील जन्मजात दोषांचे प्रमाण वाढत असल्याचे आजवरच्या अभ्यासांत दिसून आलेले नाही.

लसीकरण

इन्फ्लुएंझाची निष्क्रिय विषाणूंपासून तयार केलेली, इंजेक्शनद्वारे दिली जाणारी लस गर्भारपणात सुरक्षित मानली जाते. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये बाजारात आणलेली नाकात फवारण्याची लस मात्र जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूंची असल्याने गर्भवतींसाठी नव्हती. बांगलादेशात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मातेला गर्भारपणात लस दिल्यामुळे सहा महिन्यांपर्यंतच्या बाळांमधील प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. सहा महिन्यांखालील बाळांना ही लस देता येत नसल्याने मातेकडून मिळणारे हे संरक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लसीकरणात गर्भवतींना सर्वोच्च प्राधान्य देण्याची शिफारस केली. एच१एन१ च्या २०१५ मधील उद्रेकात देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे ३ हजार मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने अतिजोखमीच्या व्यक्तींना, त्यांत गर्भवतींनाही, ही लस मोफत देण्यास सुरुवात केली.

कोविड-१९ मधील पुनरावृत्ती

२०२० मध्ये सुरू झालेल्या कोविड-१९ च्या साथीत याच अनुभवाची पुनरावृत्ती झाली. लसींच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून गर्भवतींना वगळण्यात आले होते. त्यामुळे त्यांच्यासाठी लस सुरक्षित आहे किंवा नाही याची माहिती उशिरा उपलब्ध झाली. भारतात गर्भवतींना लस घेण्याची परवानगी २ जुलै २०२१ रोजी मिळाली. तोपर्यंत दुसऱ्या लाटेचा जोर ओसरला होता. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील रुग्णालयांतून १,५३० गर्भवती व नुकत्याच प्रसूत झालेल्या बाधित स्त्रियांची माहिती संकलित करण्यात आली होती. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के, तर दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के आढळले. लक्षणे असलेल्या स्त्रियांचे प्रमाणही १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेले होते.

घ्यावयाची काळजी

ताप, खोकला, घसा दुखणे किंवा अंगदुखी जाणवल्यास गर्भवतीने त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप उतरविण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घेता येते. ॲस्पिरिन किंवा अन्य वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. श्वास घेण्यास त्रास, छातीत दुखणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, थुंकीतून रक्त पडणे, गुंगी, सतत उलट्या अथवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास तात्काळ रुग्णालयात दाखल व्हावे. छातीच्या एक्स-रे तपासणीची आवश्यकता असल्यास ती टाळू नये. या तपासणीत गर्भापर्यंत पोहोचणारी किरणांची मात्रा अत्यल्प असते. फ्लू झालेल्या मातेने मास्क लावून आणि साबणाने हात धुऊन बाळाला स्तनपान देणे सुरू ठेवावे. घरातील इतर व्यक्तींनी खोकताना तोंडावर रुमाल धरावा व आजारी असताना गर्भवतीपासून दूर राहावे.

२००९ ची जागतिक साथ संपल्याचे १० ऑगस्ट २०१० रोजी जाहीर झाले. परंतु एच१एन१ विषाणू नाहीसा झाला नाही. तो आता हंगामी फ्लूच्या रूपाने पावसाळ्यात आणि हिवाळ्यात भारतात आढळतो. त्यामुळे साथ जाहीर झालेली नसतानाही या दोन ऋतूंत गर्भवतीला आलेला ताप किरकोळ समजू नये आणि पहिल्या ४८ तासांतच उपचार सुरू व्हावेत, असे तज्ज्ञांचे सांगणे आहे.